न्यूझीलंडच्या वाटेवरचं सिद्धेश्वर

हिंगोलीच्या बसस्थानकावर उतरले, रुमालाने तोंड पुसलं आणि रुमालाला हळद लागली. मार्च महिना होता. हळदीने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग बाजार समितीकडे निघाली होती आणि पोत्यांतून उडणारी धूळ सगळ्या गावावर सारखी बसत होती. दुकानांच्या पाट्या, उसाच्या गाड्यावरचे पेले, स्टँडसमोर झोपलेला कुत्रा, सगळं एका रंगाचं. लग्नघरात चुकून शिरल्यासारखं वाटत होतं.

मी साताऱ्याहून इथवर आले होते ते न्यूझीलंडमधल्या एका नोकरीसाठी. माझ्या भूगोलाविषयी शंका येण्याआधी खुलासा करते.

माझी मुलगी सायली जनावरांची डॉक्टर. लग्नानंतर नवऱ्याबरोबर न्यूझीलंडला गेली. तिथे कळलं की इथली पदवी घेऊन तिथल्या जनावरांना हात लावता येत नाही. त्यासाठी वेगळ्या परीक्षा, आणि त्या व्हायला वेळ. मधल्या काळात गोठ्यावर, दूधकेंद्रात, मिळेल ते काम करायला ती तयार होती. अर्ज करत राहिली. उत्तरं सगळी नम्र आणि एकाच छापाची: इथला अनुभव नाही, इथलं कुणी तुम्हाला ओळखत नाही. मी वाचनालयात नोकरी केली. नम्र नकार किती प्रकारे लिहिता येतो हे मला ठाऊक आहे, पण एवढी एकवाक्यता मी पाहिली नव्हती. गेला महिनाभर सायली फोनवर चेहरा दाखवत नव्हती. व्हिडिओ बंद ठेवून बोलायची. नेट बरं नाही, म्हणायची. तिच्या नवऱ्याचं नेट त्याच घरात उत्तम चालायचं.

अशात माझ्या एका जुन्या सहकारी बाईंनी बातमी आणली. त्यांचे भाऊ हिंगोलीला असतात. त्यांच्या जिल्ह्यातला माधव नावाचा मुलगा न्यूझीलंडमध्ये शेळ्यांच्या कंपनीत फार मोठा साहेब आहे, आणि त्याचा गोठा सायलीच्या गावापासून तासाभरावर. सायलीने त्याला निरोप पाठवला. त्याचं उत्तर आलं: ‘ताई, मागं एकासाठी शब्द टाकला होता. तो आठवड्यात पळून गेला, मान खाली घालावी लागली. आता शब्द टाकायचा का नाही ते बाबा ठरवतात. बाबा सिद्धेश्वरला असतात. माणूस बघितल्याशिवाय ते सांगत नाहीत.’

बघायला सायली तर समुद्रापार. म्हणून मी निघाले.

सहकारी बाईंचे भाऊ, नाना, स्टँडवर न्यायला आले. वय साठीचं, अंगात पांढरा सदरा, आणि त्या सदऱ्यावर हळदीचा कणही नाही. यावरून ते बाजार समितीत काम करत नाहीत, फक्त भाषण करतात, एवढा अंदाज मी बांधला. तो पुढे खरा ठरला.

“मॅडम, तुमचं काम झालं म्हनून समजा,” गाडीत बसता बसता नाना म्हणाले. “माधवराव साहेब आपलाच मानूस.”

“तुम्ही ओळखता त्यांना?”

“वळखत न्हाई. पन आपलाच हाय.”

सिद्धेश्वर हिंगोलीच्या दक्षिणेला. गाडी निघाली उत्तरेला. मी नकाशा पाहिल्याचं सांगितल्यावर नाना समजुतीच्या सुरात म्हणाले, “सरळ कसं जाता येईल? आपल्याला कोन इचारतंय तिथं? आधी त्यांचा मानूस धरावा लागतो.”

तो माणूस वाशिम रस्त्यावर कनेरगाव नाक्याला होता. बबनराव. धाबा चालवतात आणि माधवच्या आईचे सख्खे भाऊ. म्हणजे मामा. आम्ही बाजेवर बसलो. बबनरावांनी आल्या आल्या माझं गाव विचारलं, मग माहेर, मग आईचं माहेर, मग आत्या कुठे दिल्या. माझी एक चुलत आत्या परभणीला दिली होती, हे मला स्वतःलाच त्या बाजेवर आठवलं. बबनरावांचा चेहरा उजळला.

“मंग तुमी पाहुन्याच आमच्या! आधी काहून न्हाई सांगितलं?” (काहून म्हणजे का.)

परभणीची ती आत्या मी जन्मात दोनदा पाहिली असेल. पण तिच्यामुळे शेवभाजीची दुसरी वाटी आली आणि सिद्धेश्वरला फोन गेला. फोन ठेवून बबनराव म्हणाले, “दाजीला सांगितलं, पाहुन्या येऊन राहिल्या म्हनून. दाजी मानूस चांगला हाय, जरा चिकित्सेखोर. पन एक ध्यानात धरा, ताई. बोलतो दाजी, आन् चालतं अक्काचं.”

नानांनी मान हलवली, जणू हे वाक्य त्यांनीच सुचवलं होतं.

तिथून परत मागे येऊन नरसी नामदेवला. देवळासमोर पेढे, तुळशीच्या माळा आणि प्लॅस्टिकची खेळणी यांची दुकानं एकमेकांना खेटून होती. पंजाबातून आलेलं एक कुटुंब पायरीवर बसून प्रसादाच्या शिऱ्यावर मनापासून ताव मारत होतं. नामदेव महाराज या गावातून निघाले ते पार पंजाबात पोचले आणि तिथलेच होऊन राहिले. मी नानांना विचारलं, “महाराजांना तिकडे कुणाची ओळख होती हो?”

“असंल ना कोनाची तरी,” नाना ठामपणे म्हणाले. “वळखीशिवाय एवढ्या लांब कोन जाईल?”

दर्शन झालं, आणि बाहेर एका चहाच्या दुकानात माझा सत्कार झाला. का झाला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. नानांनी खूण केली, ड्रायव्हरने गाडीच्या डिकीतून शाल, नारळ आणि झेंडूचा जाडजूड हार आणला. चहा पिणारे लोक पेले खाली ठेवून उभे राहिले. त्यांना सवय असावी. नानांनी माझ्याविषयी चार वाक्यं सांगितली, त्यातली तीन मला नवीन होती. शेवटी टाळ्या झाल्या आणि लोकांनी चहा जिथे सोडला होता तिथून पुन्हा सुरू केला. हार काढायला गेले तर नाना म्हणाले, “राहू द्या, राहू द्या, मॅडम. तिथं पोचल्यावर दिसला पायजे.”

सिद्धेश्वरच्या अलीकडे गाडीचं चाक बसलं. ड्रायव्हरने डिकी उघडली. आत शालींचे तीन गठ्ठे होते, नारळांचं पोतं होतं आणि कार्यक्रमाला लागणारं एक सन्मानचिन्हांचं खोकं होतं. जादा चाकाची जागा त्यांनी घेतली होती.

“स्टेपनी?” मी विचारलं.

“घरी हाय,” नाना म्हणाले. “इथं जागा कुठं राहिली?”

माळावर सावली नव्हती. शेवटी हळकुंडं उतरवून परतणारा एक ट्रॅक्टर थांबला. नाना गाडीपाशी राहिले. ट्रॉलीत बसणं त्यांच्या सदऱ्याला परवडणारं नव्हतं. मी चढले. अशा रीतीने गळ्यात हार, खांद्यावर शाल, हातात नारळ आणि नखशिखांत पिवळी, अशी मी हळदीच्या ट्रॉलीत उभी राहून सिद्धेश्वरला पोचले. वाटेत एका म्हातारीने हात जोडले. कुठल्या देवीला, ते तिलाच माहीत.

धरणाचं पाणी डाव्या हाताला पसरलेलं होतं, लांबवर मासेमारीच्या दोन होड्या. बांधाच्या खालच्या अंगाला गव्हाची काढणी झालेली रानं आणि त्यांच्या कडेला हरिभाऊंचं घर. घरासमोर काट्यांचं कुंपण घातलेला शेळ्यांचा वाडगा. हरिभाऊ, म्हणजे माधवचे वडील, बाभळीखाली बसले होते. उंच, वाळलेले, डोक्याला पटका. मी नमस्कार केला. त्यांनी ‘या’ म्हटलं.

तेवढ्यात एक काळी शेळी आली आणि माझ्या गळ्यातला हार खाऊ लागली.

मी उभी राहिले. काय करावं याविषयी माझ्या वाचनात काही आलेलं नव्हतं. शेळी झेंडू एकेक करून खात होती, घाई नाही, गडबड नाही. हरिभाऊंनी तिला हाकललं नाही. ते शेळीकडे पाहतही नव्हते, माझ्याकडे पाहत होते.

“भेव वाटून राहिलं का?”

“नाही,” मी म्हणाले. “हार तसाही नानांचा आहे.”

हार संपल्यावर शेळी शालीकडे वळली. ती मात्र मी काढून ठेवली.

“ताई, त्या रांजनातून तांब्याभर पानी आना जरा.”

पाहुणीला पाणी आणायला सांगणं मला चमत्कारिक वाटलं, पण गेले. माझा डावा गुडघा चढाला कुरकुरतो. तांब्या घेऊन आले. हरिभाऊंनी पाणी घेतलं, प्यायले नाहीत, बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “त्या पलीकडच्या शेळीला आवाज द्या बरं.”

मी हाक मारली. माझी सगळी नोकरी लोकांना हळू बोला सांगण्यात गेलेली. माझ्या हाकेने ती शेळी तर सोडाच, शेजारची कोंबडीसुद्धा हलली नाही. हरिभाऊंनी “हं” केलं. मोठ्या परीक्षकांची ही जुनी सवय आहे.

संध्याकाळी चुलीपाशी माधवच्या आईजवळ, अक्कांजवळ बसले. अक्का ठेंगण्या, गोऱ्या, हसऱ्या. भाकरी थापताना त्यांच्या हाताचा आवाज एका लयीत येत होता. अंबाडीची भाजी, लसणाचा ठेचा आणि धरणातल्या माशांचं कालवण. मी हळूच विचारलं, “हरिभाऊ माझ्याकडे असं का बघतायत दुपारपासून?”

अक्का तव्यावरची भाकरी उलटायची विसरल्या, इतक्या हसल्या.

“मेलं, सांगितलंच न्हाई का तुमाला? आवो, पाठ (न व्यालेली तरुण शेळी) घ्याची असली तर आमी तिची माय बघतो. माय चांगली तर लेक चांगली. आता तुमची लेक तिकडं पल्याड. मंग बघनार कोनाला?”

मी तोंडातला घास गिळला. ग्रंथालयशास्त्राची पदवी, नोकरीतले दोन पुरस्कार, निरोप समारंभातली ती लांबलचक भाषणं, या कशानेही मला या परीक्षेसाठी तयार केलं नव्हतं.

“आणि मायमध्ये काय काय बघतात?”

“पाय, दात, सोभाव, कास.”

चौथ्या मुद्द्याविषयी मी अधिक चौकशी केली नाही. जेवताना मात्र हरिभाऊ समोरच बसले, आणि मी माशाचे काटे काढताना माझे दात कसे चालतात हे त्यांनी मन लावून पाहिलं. मी तीन भाकरी खाल्ल्या. एरवी दीडाच्या वर जात नाही. पोटच्या मुलीसाठी माणूस काय काय करतो.

सकाळी शेळीच्या दुधाचा चहा झाला. वास येईल म्हणून श्वास रोखून पहिला घोट घेतला. दुसरा न रोखता घेतला. दुसरा कप मागून घेतला. तेवढ्यात नाना हजर झाले. सोबत ड्रायव्हर आणि त्याच्या खांद्यावर गुंडाळलेला लांबलचक फ्लेक्स. कुणी काही विचारायच्या आत त्यांनी तो अंगणात उलगडला. ‘न्यूझीलंड येथील सुप्रसिद्ध कंपनीचे संचालक मा. माधवराव साहेब यांच्या विशेष सहकार्याने डॉ. सायलीताई यांची उच्चपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ अर्ध्या फ्लेक्सवर नाना होते, हात जोडून. कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढी सायली.

“अहो, पण अजून काहीच झालेलं नाही,” मी म्हणाले.

“होईल ना. छापायला टाइम लागतो, मॅडम. मागून धावपळ होते.”

हरिभाऊंनी फ्लेक्सकडे एकदा पाहिलं आणि माझ्याकडे वळले. निकाल लागणार हे मला कळलं. हास्यास्पद वाटेल, पण मी कप खाली ठेवून ताठ उभी राहिले.

“दात बराबर हाय,” ते म्हणाले. “सोभाव गरीब. हार खाल्ला तरी बोलल्या न्हाई. आवाज बारीक हाय, पन ते चालतं. पाय मात्र न्हाई. डावा गुडघा बाद. लेकीत उतरंल ते.”

“माझ्या मुलीचे गुडघे उत्तम आहेत!”

“इकनारा असंच म्हनतो, ताई.”

मला हसू यायला हवं होतं. घरी सांगताना मी हे हसत सांगेन, असंही मनात आलं. पण त्या अंगणात मला एकदम सायलीच्या फोनचा तो काळा पडदा आठवला आणि मी जे बोलायचं ठरवलं नव्हतं ते बोलून गेले.

“हरिभाऊ, ती हल्ली फोनवर तोंड दाखवत नाही मला. रडलेली दिसू नये म्हणून. माझा गुडघा कापून घ्या हवं तर, पण तिला एकदा बघा तरी.”

नानांनी फ्लेक्सचं आपल्याकडचं टोक खाली ठेवलं.

“कवापासून?” चुलीपाशी बसलेल्या अक्कांनी विचारलं.

“महिना झाला.”

अक्का उठल्या. पीठ लागलेले हात पदराला पुसत त्या हरिभाऊंसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“तुमी मला बघाया आले तवा माझ्या मायचा पाय बघितला व्हता का? लंगडत व्हती ती. लुगड्यात दिसलं न्हाई तुमाला. आन् मी जल्मभर तुमच्या शेळ्यामागं हिंडून राहिले ते कोनाच्या पायावर? मोठे आले पाय बघनारे! सोताचा गुडघा उठताना कडकड वाजतो, आन् आपला माधव तिकडं उभा हाय ना दिवसभर? लावा फोन.”

हरिभाऊंनी पटका नीट केला. त्याला गरज नव्हती. मग फोन लावला.

तिकडे दुपार उलटून गेली होती. पडद्यावर आधी एक शेळीचं नाक आलं, मग तिला बाजूला सारून माधव. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगावर प्लॅस्टिकचा डगला, डगल्यावर दुधाचे आणि इतर शिंतोडे. नाना झटकन पुढे झाले.

“नमस्कार, माधवराव साहेब!”

“कोन साहेब?” माधव म्हणाला. “काका, मी धारा काढून राहिलो.”

“म्हंजी... देखरेख?”

“धारा. मशीननं काढतो, पन धाराच.”

नानांनी फ्लेक्सकडे पाहिलं. हरिभाऊ शांतपणे म्हणाले, “मी कवा म्हनलो साहेब हाय म्हनून? मी म्हनलो शेळ्यांत हाय. पुढचं तुमी लावलं.”

दोन दिवसांचा प्रवास, चुलत आत्या, हार, शाल, गुडघा, आणि शेवटी ज्याच्या शब्दासाठी हे सगळं तो स्वतः तिथे धारा काढत होता. त्याचा शब्द कोण ऐकणार? माझा चेहरा माधवला दिसला असावा.

“काकू, साहेब असतो तर मला काय म्हाईत असतं, गोठ्यात किती मानसं कमी हायत?” तो म्हणाला. “इथं मालकीन सोता बूट घालून उभी राहते माझ्याशेजारी. करडं व्हायचा हंगाम येऊन राहिला, रोज इचारते मला, तुझ्या वळखीचं कोनी हाय का, पळून न जानारं. बाबा, कशी हाय?”

“पाय जरा कच्चा,” हरिभाऊ म्हणाले. अक्कांकडे पाहिलं. “पन तुझी माय म्हनती, घे.”

“माय म्हनती?” पलीकडून माधव हसला. “मंग झालं की. ताईला म्हना, शनवारी ये. बूट घेऊन ये.”

परतीची गाडी हिंगोलीहून होती. नाना स्टँडवर सोडायला आले. फ्लेक्स अक्कांनी ठेवून घेतला होता. वाडग्याचं छप्पर एका बाजूने उघडं होतं, तिथे बरोबर बसेल म्हणाल्या. नानांना नाही म्हणता आलं नाही. निघताना त्यांनी मला डिकीतून आणखी एक शाल काढून दिली, टाळ्यांशिवाय, भाषणाशिवाय. ही मी आनंदाने घेतली.

त्या शनिवारी सकाळी साताऱ्यात माझा फोन वाजला आणि व्हिडिओ चालू होता. सायलीचं नाक थंडीने लाल झालेलं, केसांत गवत, मागे शेळ्यांची रांग. मालकीणबाईंनी तिची पदवी विचारलीच नाही म्हणाली. त्यांनी तिला गोठ्याच्या दुसऱ्या टोकाहून बादलीभर पाणी आणायला सांगितलं आणि चालताना पाहत राहिल्या. “आणि आई,” ती म्हणाली, “माधवदादांनी त्यांना काय सांगितलं माहितेय? ‘माझ्या आईवडिलांनी हिची आई घरी ठेवून बघितली आहे.’ बाई म्हणाल्या, ‘मग ठीक आहे.’”

पावसाळ्यात हरिभाऊंनी फोटो पाठवला. वाडग्यावर फ्लेक्स ताणून बांधलेला, नाना उलटे, जोडलेले हात जमिनीकडे. त्यांच्या कृपाछत्राखाली शेळ्या कोरड्या बसल्या होत्या. नानांच्या सार्वजनिक जीवनातलं इतकं उपयोगी काम मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

गेल्या आठवड्यात सायलीचा पुन्हा फोन आला. तिच्याकडे एका मुलीचा निरोप आलाय, नव्यानेच तिकडे गेलेली, ओळख कुणाची नाही, काम हवंय. गोठ्यात जागा आहे. पण सायली अजून नवी, तिचा शब्द खोटा पडून चालणार नाही. मुलीची आई कराडला असते.

“आई, जरा जाऊन बघून येशील?”

मी वशिल्याविरुद्ध आयुष्यभर बोलत आले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी कराडची एसटी पकडली. बाईंनी हसून दार उघडलं, माझ्यासाठी खुर्ची पुसली, पोह्यांचं विचारलं. मी म्हणाले, नको, नुसतं पाणी द्या. त्या आत निघाल्या, आणि मी खुर्चीत जरा पुढे सरकून त्यांचे पाय बघू लागले.